दोन खाटांमधला लॉकर

“डोळे मिट,” ताई म्हणाली आणि तिनं माझ्या कपाळावर अंगारा फासला.

डोळे मिटणं आणि उघडणं एवढंच त्या दिवसांत मला येत होतं, म्हणून मी मुद्दाम ते उघडे ठेवले. भुकटी पापणीवरून डोळ्यात गेली, चुरचुरली आणि पाणी आलं. ताईनं पदर तोंडाला लावला.

“बघ गं वृंदा, रडतोय. आतून पालटलाय हो माझा भाऊ.”

माझी बायको वृंदा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. अतिदक्षता विभागात भेटायला संध्याकाळची दहाच मिनिटं मिळत आणि त्यातली सात ताईची असत. त्या दिवशी ताई चिपळूणला परत जाणार होती. जाताना तिनं अंगाऱ्याच्या तीस पुड्या वृंदाच्या पर्समध्ये कोंबल्या आणि रोज एक, चुकवायची नाही, असं बजावलं.

एकवीस वर्षं झाली याला. मी तेव्हा भूजल सर्वेक्षण खात्यात होतो आणि बदली होऊन सोलापूरला एकटाच राहत होतो. बायको-मुलं चिपळूणला. मोहोळ तालुक्यातल्या एका विहिरीची पाणीपातळी मोजताना पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. तो मंगळवार होता. शुक्रवारी हातात चमचा धरवेना, रविवारी श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, तुमच्याच शरीरानं तुमच्या नसांवर हल्ला केलाय, नसा हळूहळू भरून येतील, महिने लागतील, तोवर मशीन श्वास देईल. गळ्याला भोक पाडून नळी बसवली. हात गेले, पाय गेले, मान गेली, आवाज गेला. राहिल्या त्या पापण्या आणि नजर. पापण्या एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

कातडीची जाण मात्र शाबूत होती. माशी बसली तर कळायचं. अंगारा वाळला की कपाळ खाजायचं, अशी खाज की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटे, आणि डोकं तर हलत नव्हतं.

माझा देवावर विश्वास नव्हता. आजही नाही. तळहातावर नारळ घेऊन ‘इथं पाणी लागेल’ म्हणत शेतात फिरणाऱ्या बाबांशी मी नोकरीत जितका भांडलो तितका साहेबांशीही भांडलो नाही. घरातही तोच खाक्या. लग्नात वृंदानं माहेराहून एक पितळी बाळकृष्ण आणला होता. ‘देवघर वगैरे आपल्याकडे नाही हं,’ असं मी पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळा झालो. तिनं तो तांदळाच्या डब्यात ठेवला. सहा वर्षांनी तो माझ्या हाती लागला. मग कितीतरी वर्षं आल्यागेल्याला मी तो किस्सा रंगवून सांगायचो आणि हसायचो. तीही हसायची.

असा मी, आणि माझ्या उशीखाली कुठल्याशा महाराजांचा फोटो, मनगटाला काळा दोरा, लॉकरमध्ये तीर्थाची बाटली. हे सगळं ताईचं. खाटेला एक फॉर्म टांगलेला असे. हॉस्पिटलनं तो नव्यानंच छापून घेतला होता आणि त्यात ‘धार्मिक / आध्यात्मिक गरजा’ असा एक रकाना होता. दाखल करताना ताईनं त्यात लिहिलं होतं, ‘रोज अंगारा लावणे. पुसू नये.’ दिवसपाळीच्या वाघमोडे सिस्टर हे अगदी कौतुकानं वाचून दाखवायच्या. आणि सकाळी स्पंज करणाऱ्या अंबव्वा मावशी माझं सगळं अंग ओल्या फडक्यानं पुसून काढायच्या, फक्त कपाळ सोडून.

“त्याला हात लावत न्हाई बघा साहेब,” त्या म्हणायच्या. “फारमवर हाय तुमच्या.”

वाघमोडे सिस्टरांकडे एक पुठ्ठा होता. त्यावर नऊ प्रश्न. दुखतंय का, कफ काढू का, कूस बदलू का, उकडतंय का, थंडी वाजते का, असे. माझ्या पापण्या जास्त फडफडल्या की त्या पुठ्ठा घेऊन यायच्या, बोट ठेवत प्रश्न विचारायच्या आणि मी हो किंवा नाही म्हणायचो. माझं म्हणणं त्या नऊ प्रश्नांत बसलं तर ठीक, नाहीतर संपलं. अंगाऱ्याचा प्रश्न त्या पुठ्ठ्यावर नव्हता.

बाविसाव्या दिवशी शेजारची पाच नंबरची खाट भरली.

दर दोन तासांनी मला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करत. उजवीकडे वळवलं की समोर भिंत आणि डावीकडे वळवलं की पाच नंबर. त्या वेळी मी डावीकडे होतो. रेवणप्पा उंबरजे, वय बहात्तर, अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्याचे. आतडं फुटलं होतं. गावातल्या दोघांनी जीपमध्ये घालून आणलं होतं. एकुलता एक मुलगा ट्रकवर, तो आसामात, पोचायला आठवडा लागणार. ऑपरेशनला न्यायच्या आधी एक नवी सिस्टर त्यांच्या अंगावरच्या वस्तू काढत होती. गळ्यात मळका दोरा आणि दोऱ्याला चांदीची एक अंडाकृती डबी. सिस्टरनं तिला हात लावला, तसं इतका वेळ नुसता कण्हणाऱ्या म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी ती डबी पकडली.

“ते नको ताई. ते काढत नसतेत.”

“आजोबा, ऑपरेशनला धातू चालत नाही. तुमच्या माणसांकडे देते.”

“नको ओ... अंगावरनं काढलं की काय राहतंय...”

बोलता बोलताच इंजेक्शन लागू पडलं आणि हात सैल झाले. सिस्टर डबी घेऊन दाराशी गेली, पण जीपवाले दोघं रक्त आणायला गेले होते. ती परत आली, डबी गॉजमध्ये गुंडाळली आणि दोन खाटांच्या मधल्या लॉकरचा खण उघडून आत ठेवली. तो लॉकर माझा होता. पाच नंबरचा पलीकडच्या बाजूला. नवीन असल्यामुळे तिला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती परीक्षेच्या रजेवर गेली.

मला ती डबी ओळखीची होती. सोलापुरात मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होतो ते आप्पा लिंगायत होते. रोज आंघोळ करून ते ओसरीवर बसत, गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेत, विभूती लावत, बेल वाहत आणि मग तो तळहात डोळ्यांसमोर धरून एकटक बघत बसत. त्याआधी पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. मी एकदा विचारलं होतं, “आप्पा, एखाद्या दिवशी आंघोळीत हरवलं बिरवलं तर?”

ते हसले नाहीत. “असं बोलू नये साहेब. मेल्यावर पण ते संगटच पुरतेत. जित्या माणसाचं काढलं तर तो कशाला राहतो मग?”

माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा होता, आणि तसं मी त्यांना म्हटलंही होतं.

ऑपरेशन नीट झालं. रेवणप्पांच्या तोंडात नळी होती आणि श्वास मशीनवर. रोज सकाळी सहाला त्यांचं गुंगीचं औषध थांबवायचे, शुद्धीवर आले की स्वतः श्वास घेतात का ते बघायला. पहिल्या सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि उजवा हात थेट छातीवर गेला. तिथं मानेतून आलेली सलाईनची जाड नळी चिकटवलेली होती. बोटं ती नळी चाचपत इकडून तिकडं फिरू लागली.

“अहो, लाइन ओढतायत! धरा, धरा!”

दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधली. मग त्यांनी डावा हात उचलायचा प्रयत्न केला. पट्टी वीतभरच सैल होती. तेवढा हात त्यांनी वर आणला, तळवा उताणा, बोटं किंचित आखडलेली, आणि मान उचलून त्या रिकाम्या तळव्याकडे बघितलं. मग खाट हादरायला लागली. मशीन ओरडायला लागलं. पुन्हा गुंगीचं औषध, पुन्हा झोप.

दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. नळी ओढणारा माणूस हात उताणा कशाला करील? पण हे विचारायला तिथं कुणी उभं राहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या आकड्यांवर. मी पापण्यांची उघडझाप सुरू केली ती थांबवलीच नाही. वाघमोडे सिस्टर पुठ्ठा घेऊन आल्या.

“काय साहेब, आज काय एवढं? दुखतंय?”

नाही.

“कफ?”

नाही. नऊच्या नऊ प्रश्न झाले. मी लॉकरकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा लॉकरकडे. त्यांनी मागं वळून पाहिलं. लॉकरवर पाण्याचा जग होता.

“तहान लागलीय? नळीतून पाणी चाललंय की तुमचं.” त्यांनी माझ्या ओठांना ओला कापूस लावला. “शेजारी गडबड असते ना, म्हणून झोप होत नाही यांची,” असं त्या दुसऱ्या सिस्टरना म्हणाल्या. दुपारी माझ्या नळीतून एक गोळी गेली आणि मी संध्याकाळपर्यंत झोपलो. म्हणजे बोलायचा प्रयत्न केला की झोपवतात, हा नियम आम्हा दोघांनाही सारखाच लागू झाला.

जाग आली तेव्हा डॉक्टर देशमाने पाच नंबरच्या पायथ्याशी उभे होते.

“उद्या सकाळी शेवटचं बघू,” ते म्हणत होते. “असेच उसळले तर अकरा वाजता गळ्याला भोक पाडून घेऊ. तोंडात नळी किती दिवस ठेवणार? पण सांगतो, या वयात, पोट फाडलेलं असताना एकदा का तिकडे गेले की मशीनवरून परत येणं कठीण. मुलाला कळवून ठेवा.”

त्यांच्या फॉर्मवरून नजर फिरवत ते थांबले. “धार्मिक गरजा... काही नाही. ठीक आहे.” दाखल करणाऱ्या जीपवाल्यांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली होती.

मला भयंकर राग आला होता. देशमान्यांचा, वाघमोडे सिस्टरांचा, त्या पुठ्ठ्याचा, आणि सर्वांत जास्त माझ्या पापण्यांचा. हाताच्या अंतरावर डबी होती. दोन वाक्यांचं काम होतं.

पाच वाजता वृंदा आली. ती दारातून आत येत असतानाच मी लॉकरवर नजर लावली आणि ती हलवली नाही. तिनं माझ्या कपाळाला अंगारा लावला, मुलांची खुशाली सांगितली, आणि मग थांबली.

“काही हवंय का तुम्हाला? लॉकरमधलं?”

मी पापण्या मिटल्या. एकदा. हो, हो, हो. तीन आठवड्यांत इतका आनंद मला झाला नव्हता. तिनं खण ओढला.

“चष्मा?” नाही. “टॉवेल?” नाही. “तीर्थ?” नाही. ताईनं पाठवलेला दुसरा दोरा, नाही. मग तिच्या हाताला गॉजची पुरचुंडी लागली. तिनं ती सोडली. चांदीची डबी दिव्याखाली चमकली.

“हे?”

हो.

वृंदा कोकणातली. लिंगायत माणूस तिनं जवळून कधी पाहिला नव्हता, सोलापुरात येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि तेही हॉस्पिटलच्या बाकावर. ती डबीकडे बघत राहिली.

“ताईंनी ठेवलेलं दिसतंय. आणि हे... हे तुम्ही मागताय?”

नाही! दोनदा. पुन्हा दोनदा. पण तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, तिला माझे डोळे दिसतच नव्हते.

“बावीस वर्षं मी वाट बघितली हो,” ती म्हणाली. “कधीतरी तुम्ही आपण होऊन... मी कुणाला सांगणार नाही. ताईंनाही नाही. तुम्हाला संकोच वाटेल.”

गळ्यात नळी, त्यामुळे तिथं तिला दोरा घालता येईना. मग तिनं तो माझ्या उजव्या खांद्यावर गाऊनच्या नाडीला नीट गाठ मारून बांधला, डबी खांद्यावर ठेवली आणि वरून हलकेच थोपटलं. मी दोनदा, दोनदा, दोनदा पापण्या आपटत होतो. “रडू नका ना,” ती म्हणाली. मग वेळ संपल्याची घंटा झाली. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि ती गेली. इतकी हलकी होऊन चालताना मी तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

रेवणप्पांचं लिंग आता माझ्या अंगावर होतं. मी माझ्या विश्वासाप्रमाणे त्याला एक दगडी खडा समजायला हरकत नव्हती. पण रात्रभर त्या खांद्यावर ओझं होतं, आणि ते धातूचं नव्हतं, हे कबूल करतो.

सकाळी सहाला औषध थांबलं. मी डावीकडे वळवलेला होतो, दुर्दैवानं. रेवणप्पांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग मान माझ्याकडे कलली. त्यांना डबी दिसली. आधी ते नुसते बघत राहिले. मग अख्खं शरीर माझ्या दिशेनं ओढायला लागले. पट्ट्या मनगटात रुतल्या, कठडा खडखडला, तोंडातल्या नळीमुळे आवाज फुटत नव्हता पण गळ्याच्या शिरा दिसत होत्या. डोळे माझ्या खांद्यावर आणि मग माझ्या तोंडावर. त्या नजरेत मी चोर होतो. मी काय करणार? मी पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

“आता तर शेजारच्या पेशंटवर धावायला लागले!” रात्रपाळीची सिस्टर ओरडली. “पडदा ओढा मधला.”

पडदा ओढला. पलीकडे औषध पुन्हा सुरू झाल्याचं कळलं, कारण खडखडाट थांबला. कुणीतरी म्हणालं, “अकराचं सामान काढून ठेवा.” हिरव्या कापडाच्या त्या पडद्यावर एक डाग होता. दोन तास मी त्या डागाकडे बघत होतो.

आठ वाजता अंबव्वा मावशी बादली घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे बडबड चालू. “सकाळी सकाळी काय गोंधळ ओ ह्यो. चला साहेब, हात धुवू.” गाऊनच्या नाडीला हात घातला आणि त्यांची बडबड थांबली.

त्यांनी वाकून डबी पाहिली. हात लावला नाही. ओला हात आधी पदराला पुसला.

“साहेब, तुमी लिंगायत?”

दोनदा.

“मग? बायकोचं माहेर?”

दोनदा.

त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. पुठ्ठ्याशी त्यांचा संबंध नव्हता, त्यांना वाचता येत नव्हतं. त्या आपल्या मनानं विचारत होत्या.

“हे तुमचं न्हाई.”

एकदा.

“कुणाचं हाय?” आणि लगेच जीभ चावून, “थांबा, तुमाला सांगता येत न्हाई. हितल्याच कुणाचं हाय?”

एकदा. मी मिटलेल्या पापण्या दाबून धरल्या.

मावशींनी पडद्याकडे पाहिलं. मग हळूच तो बाजूला केला. रेवणप्पा झोपलेले, हात कठड्याला बांधलेले, डावा तळवा झोपेतही उताणा.

“अगं आई गं,” अंबव्वा मावशी म्हणाल्या. “ह्यांचं.”

मी पापणी मिटली आणि बराच वेळ उघडलीच नाही.

मग जे झालं ते भराभर झालं. मावशी भांडत भांडत वाघमोडे सिस्टरांना घेऊन आल्या. “लाइन ओढायलेत म्हणं! लिंग हुडकायलेत ओ ते, चार दिवस झालं! माझ्या बापाला असं बांधून ठेवलं असतं तर मी कुणाला सोडलं नसतं.” सिस्टरांनी वस्तूंची वही काढली. चार नंबरच्या, माझ्या खाटेच्या पानावर माझ्या नावाखाली लिहिलेलं होतं, ‘चांदीची डबी, एक.’ त्या खुर्चीवर बसल्या. “साहेब, तुम्ही काल लॉकर दाखवत होता,” त्या म्हणाल्या. “मी पाणी पाजलं तुम्हाला.”

देशमाने आले, ऐकून घेतलं, आणि औषध थांबवायला सांगितलं. अकराला अजून वेळ होता. मावशींनी आधी रेवणप्पांचं अंग पुसलं. आंघोळीशिवाय हातात द्यायचं नाही म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरची गाठ सोडली, डबी दोऱ्याला धरून उचलली, कारण दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो. डाव्या मनगटाची पट्टी सिस्टरांनी स्वतः सोडली.

रेवणप्पा शुद्धीवर येत होते. तळव्यावर डबी टेकली तशी बोटं मिटली. कुणाच्या मदतीशिवाय त्यांनी अंगठ्यानं झाकण उघडलं, इतक्या वर्षांची सवय होती. आतलं काळं लिंग तळहातावर आलं. त्यांनी हात डोळ्यांसमोर आणला आणि ते बघत राहिले. मशीनवरचे आकडे मला दिसत नव्हते, पण देशमाने तिकडे बघत होते आणि हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

“नाडी ब्याण्णव,” ते पुटपुटले. थोड्या वेळानं, “पंच्याऐंशी.” अकरा वाजता त्यांनी हिरव्या कापडात गुंडाळलेलं सामान परत पाठवलं. दुपारी तीनला रेवणप्पांच्या तोंडातली नळी निघाली.

संध्याकाळी वाघमोडे सिस्टरांनी वृंदाला सगळं सांगितलं. ती पाच नंबरपाशी जाऊन खाली मान घालून उभी राहिली. मग माझ्याजवळ आली.

“मी तुम्हाला विचारलंच नाही,” म्हणाली. “तुम्ही नाही नाही म्हणत होतात आणि मी...” तरीही जाताना तिनं पर्समधून पुडी काढली आणि अंगारा लावला. ताईचा रोज फोन यायचा, लावलास का म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवणप्पांना खुर्चीत बसवलं. खुर्ची दोन खाटांच्या मधे, लॉकरला टेकून. त्यांचा आवाज बसलेला होता, पण माझ्या पापण्यांची खूण मावशींकडून समजून घेऊन ते माझ्याशी बोलायला लागले.

“काल मी तुमास्नी चोर समजलो ओ. माफ करा.” थोडं थांबून, “तुमीच दाखवलाव म्हणं.”

एकदा.

त्यांच्या मांडीवर विभूतीची वडी होती, जीपवाल्यांपैकी कुणी आणून दिलेली. तीन बोटांना ती लावून त्यांनी हात उचलला. कपाळाकडे येणारा हात. मी ओळखत होतो तो हात, तीन आठवडे रोज येत होता. पण हा वाटेत थांबला.

“इभूती लावू का?”

आणि ते थांबले. खरंच थांबले. बोटं हवेत, नजर माझ्या डोळ्यांवर. घाई नव्हती. माझा जीव त्यांच्या लिंगासाठी चार दिवस तगमगला होता. आता नाही म्हणणं मला जड गेलं. पण मी खोटं बोलायला शिकलेलो नाही.

दोनदा.

“नको?” त्यांनी खात्री केली. एकदा. “बरं. नको तर नको.” बोटं त्यांनी स्वतःच्या कपाळाला पुसली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. मग ते पुढं झुकून माझं कपाळ न्याहाळू लागले.

“मग ह्ये कुणी थापलंय एवढं? तुमाला नको असताना?”

मी काय सांगणार.

“पुसू?”

एकदा. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत जोरदार हो होतं.

त्यांनी टॉवेलचं टोक लॉकरवरच्या जगमधल्या पाण्यात बुडवलं. एका फेरीत निघालं नाही, थर वाळून कडक झाले होते. त्यांनी पुन्हा भिजवलं, पुन्हा पुसलं, भुवयांतलं बोटानं काढलं, नखानं नाही. पलीकडून अंबव्वा मावशी बघत होत्या. “फारमवर हाय ओ, पुसू नये म्हणून,” त्या म्हणाल्या.

“त्यांनीच सांगितलंय,” रेवणप्पा म्हणाले आणि पुसत राहिले.

कपाळाला वारा लागला. पंख्याचा साधा वारा. मी पुन्हा सदानंद रेडीज झालो, चिपळूणचा, भूजलवाला, नारळवाल्यांशी भांडणारा. आणि मला रडू आलं. या वेळी ते अंगाऱ्यामुळं नव्हतं.

पाच वाजता वृंदा आली. तिनं कपाळ पाहिलं.

“कुणी पुसलं?”

“पाच नंबरच्या आजोबांनी,” वाघमोडे सिस्टर म्हणाल्या. “यांना विचारून.”

वृंदा पर्स उघडून पुडी काढत होती. तिचा हात तिथंच थांबला. पुडी तिनं मुठीत धरली, मूठ मागं घेतली. मग माझ्या डोळ्यांत बघितलं. बावीस वर्षांत आमच्या घरात देवाबद्दलचा एकही प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. मी हुकूम दिला होता आणि तिनं बाळकृष्ण तांदळात लपवला होता.

“लावू का?” तिनं विचारलं. “नको असेल तर नको. ताईंना सांगेन मी काहीतरी.”

तिची मूठ घट्ट होती. ती आज तीन तास बाहेरच्या बाकावर बसून आली होती, आणि कालही, आणि परवाही, आणि तिच्याजवळ माझ्यासाठी करण्यासारखं तेवढंच एक होतं.

मी पापण्या मिटल्या. एकदा.

“नक्की? माझ्यासाठी म्हणून नका म्हणू.”

पुन्हा एकदा.

तिनं पुडी सोडली आणि करंगळीच्या टोकानं, तीळभर, दोन भुवयांच्या मधे लावला. मग उरलेला सगळा पुन्हा पुडीत बांधून ठेवला. घंटा झाली आणि ती गेली.

तासाभरात तिथं खाज सुटली.